कवडूचा माईक

विद्यापीठात कुणाचं काही अर्ध्यावर राहिलं की मुलं म्हणायची, "याचा कवडूचा माईक झाला." पेपर अर्धा राहिला, कवडूचा माईक. पोरीनं नकार दिला, कवडूचा माईक. ज्याच्या नावावर ही मजा चालायची तो कवडू गणवीर वीस वर्षं सभागृहाच्या मागच्या कोपऱ्यात साउंडच्या मिक्सरपाशी बसून हे सगळं ऐकायचा. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचा नाही. आतून मात्र त्याचा तिळपापड व्हायचा, कारण त्याचा माईक आयुष्यात एकदाही आपोआप बंद पडलेला नव्हता.

कवडू आंजीचा. आर्वीच्या हिरालालच्या मंडप-साउंडच्या दुकानात त्यानं ऐन उमेदीची वर्षं घालवली. लग्नं, निवडणुकीच्या सभा, चौदा एप्रिलची मिरवणूक, गिरडचा उरूस, कुठेही जायचं आणि कर्णे बांधायचे. खरखर ऐकून तो कोणती वायर ढिली आहे हे लांबूनच सांगायचा. हिरालाल गिऱ्हाइकांना म्हणायचा, "कवडू बैठा है, तो आवाज की चिंता मत करो." पुढे आर्वी रस्त्यावर विद्यापीठ झालं, त्यात ध्वनिसहायकाची जागा निघाली आणि कवडूला ती मिळाली. वस्तीतली ती पहिली पक्की नोकरी. बायको अन्नपूर्णानं त्या दिवशी सगळ्या घरांत पेढे वाटले.

मग आले गजेंद्र सर. विद्यार्थी कल्याणाचे प्रमुख. माणूस बोलायला लाघवी, हसायला मोकळा, आणि पाण्यासारखा कुठेही शिरणारा. त्यांनी 'आपुलकी सप्ताह' सुरू केला. विद्यापीठ म्हणजे घर, इथे कुणी परकं नाही, ज्याला जे वाटतं ते त्यानं बोलावं, असं सगळं फलकांवर लिहिलेलं. सात दिवस गाणी, खेळ, सहाव्या दिवशी 'खुला संवाद', शेवटी सगळ्यांची मिळून पंगत. बाहेरगावचे पाहुणे येऊन वाहवा करून जायचे. त्या सप्ताहावर सरांना दोन पुरस्कार मिळाले आणि एक मोठी खुर्ची.

पहिल्याच वर्षी सरांनी कवडूला बाजूला घेतलं. "कवडू, माणसं भावनेच्या भरात काहीबाही बोलतात. मागून त्यांनाच वाईट वाटतं. आपण त्यांना सांभाळून घ्यायचं. मी चष्मा काढून हातात घेतला की तू आवाज हळूच उतरव. एकदम नको, बोलणाऱ्याला कळता कामा नये."

कवडूला त्यात गैर वाटलं नाही. साहेब एवढा विश्वास टाकतो आहे याचंच त्याला अप्रूप. त्या वर्षी मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या प्रमिलाबाई बोलायला उभ्या राहिल्या, सरांनी चष्मा काढला, कवडूनं बोटानं बटण खाली सरकवलं. बाईंचे ओठ हलत राहिले. लोक आपसात बोलू लागले, कुणीतरी ओरडलं, "आवाज नाई येत." तेव्हा सर हसत उठले आणि म्हणाले, "अरे कवडू, किती वेळा सांगितलं, वायर बदल बाबा." सगळं सभागृह हसलं. कवडूनं उभं राहून हात जोडले. "सॉरी सर, लूज कनेक्शन."

वायरीचं हे आधी काही ठरलेलं नव्हतं. खापर आपल्या डोक्यावर फुटणार हे त्याला तोवर माहीतच नव्हतं. पण एकदा हात जोडले, मग दर वर्षी जोडावे लागले. साहेबांचा चष्मा स्वच्छ राहिला आणि कवडू कामात कच्चा ठरला.

आता एक गोष्ट गजेंद्र सरांना ठाऊक नव्हती, कारण त्यांनी मिक्सरला कधी हात लावला नव्हता. बाहेरचा आवाज उतरवला तरी कवडूच्या कानातल्या हेडफोनमध्ये तो चालूच राहायचा. सभेला जे ऐकू यायचं नाही ते कवडूला ऐकू यायचं. शब्दन् शब्द. आणि साउंडवाल्याचे कान एकदा ऐकलेलं विसरत नाहीत.

सप्ताहाच्या सहाव्या वर्षी त्याची मुलगी मेघा तिथेच बी.ए.ला होती. खुल्या संवादात ती उभी राहिली. तिनं घरी काही सांगितलं नव्हतं. पोरगी स्टेजवर चढताना पाहून कवडूची छाती फुगली, त्यानं तिच्यासाठी आवाज चांगला मोकळा केला. ती बोलू लागली आणि दुसऱ्याच मिनिटाला पहिल्या रांगेत चष्मा खाली आला.

कवडूनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. सरांनी मान वळवून सरळ त्याच्याकडे पाहिलं. नोकरी होती, धाकट्या अश्वजितची शाळा होती, मेघाचंच वर्ष त्यांच्या हातात होतं. कवडूचं बोट खाली सरकलं.

सर उठले, वायरचं बोलले, लोक हसले. कवडूनं हात जोडले.

मेघा खाली उतरली ती तडक बापाकडे आली. त्याचा उतरलेला चेहरा पाहून तिनं कँटीनमधून चहा आणून दिला. म्हणाली, "असू द्या बाबा. वायर जुनी हाये, तुमी काय करसान? मनावर नका घेऊ." कवडूनं मान हलवली आणि चहा पिऊन टाकला.

मेघा पुढे शिकली, हिंगणघाटला शाळेत लागली, पण स्टेजवर पुन्हा चढली नाही. आणि कवडूनं गजेंद्र सरांवर डूख धरला. साधासुधा नाही. सकाळी दाढी करताना, एसटीत, जेवताना. सरांचं पडलेलं तोंड कसं दिसेल ते तो मनात पाहायचा आणि त्याला बरं वाटायचं. कुणाला सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, सोडून दे. त्याला सोडायचं नव्हतं. त्याला उट्टं काढायचं होतं, चारचौघांत, त्याच सभागृहात, त्याच माईकवर.

अडचण एकच होती. बोलायचं तर बोट कुणाचं होतं हेही सांगावं लागणार. मेघा अजून बापाला बिचारा समजत होती. चौदा वर्षं तो या एका गोष्टीपाशी येऊन थांबत होता.

या वर्षी सप्ताह विसावा, आणि कवडूची निवृत्ती त्याच महिन्यात. गजेंद्र सरांच्या डोक्यातून नवी कल्पना निघाली: खुल्या संवादाच्या सुरुवातीलाच 'पडद्यामागचे हात' म्हणून कवडूचा सत्कार. शाल, श्रीफळ, घरच्यांना पहिल्या रांगेत जागा. "दोन मिनिटं बोलशील," सर खांद्यावर हात टाकून म्हणाले. "आपुलकी म्हणजे काय, ते तुझ्या साध्या भाषेत. तुझ्यासारख्या माणसाच्या तोंडून आलं की पाहुण्यांवर परिणाम होतो."

"बोलतो ना सर," कवडू म्हणाला.

त्याच्या जागी कंत्राटावर दिपाली नावाची मुलगी आली होती. हुशार, हात हलका. कवडू तिला महिनाभर शिकवत होता. सत्काराच्या दिवशी दुपारी ती वायर गुंडाळता गुंडाळता सहज बोलून गेली, "काका, सरांनी मले सांगून ठेवलं हाये. चष्म्याचं."

कवडूचा हात थांबला. "काय सांगितलं?"

"काढला का आवाज उतरवायचा. अन् कोणी विचारलं तर लूज कनेक्शन म्हणायचं."

तोपर्यंत कवडूचं मन मागेपुढे होत होतं. मेघाचा चेहरा आडवा येत होता. पण आपण जातोय आणि आपली खुर्ची, आपलं बोट, आपली बदनामी, सगळं या पोरीच्या गळ्यात मारलं जातंय, हे ऐकून त्याचं डोकंच फिरलं. म्हणजे हा माणूस मरेपर्यंत स्वच्छ राहणार. कवडूनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"मी बोलून राह्यलो असन तवा थोडा टाइम थांबजो," तो म्हणाला. "अर्धा मिनिट. त्याच्यानंतर तुले कोणी काही म्हणू नाई शकनार."

दिपालीनं काही कबूल केलं नाही. तिचं कंत्राट मार्चमध्ये संपत होतं.

सभागृह भरलं. पहिल्या रांगेत पाहुणे, त्यांच्या शेजारी अन्नपूर्णा नव्या साडीत आणि हिंगणघाटहून खास आलेली मेघा. सरांनी कवडूला शाल पांघरली आणि माईकवर म्हणाले, "याच्या वायरीनं आपल्याला वीस वर्षं छळलं, तरी हा आपला माणूस आहे." लोक हसले. सर खुर्चीत जाऊन बसले. कवडू माईकपुढे उभा राहिला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच तो त्या बाजूला होता.

"नमस्कार," तो म्हणाला. "मले आपुलकीवर बोलाले सांगितलं हाये. ते सर सांगतीन. मी फक्त, या सभेत जे बोलल्या गेलं पन तुमाले ऐकू नाई आलं, ते सांगतो. माह्या कानात हेडफोन राहे, मले सगळं ऐकू ये."

पाहुणे कौतुकानं पुढे वाकले.

"पहिल्या वर्षी प्रमिलाबाई बोलल्या होत्या. त्या म्हनत होत्या, आमी सकाळपासून तुमच्यासाठी रांधतो, पन आमच्यासाठी संडास नाई. हापिसातल्या संडासाले कुलूप हाये अन् चावी साहेबापाशी हाये. आमी नाल्याकडं जातो. चौथ्या वर्षी हरिदास नावाचा पोरगा बोलला. तो म्हने, मले होस्टेलमध्ये रोज मारतात, मी सहा महिन्यांपासून तीन अर्ज देल्ले, ते गजेंद्र सराच्या टेबलावर हायेत. तो पोरगा दिवाळीले घरी गेलता, परत नाई आला."

गजेंद्र सरांनी चष्मा काढला.

कवडू वाटच पाहत होता. त्यानं कान टवकारले. आवाज होता. मागच्या कोपऱ्यात दिपालीचं बोट बटणावर होतं आणि ते हललेलं नव्हतं.

"आता सरांनी चष्मा काढला," कवडू शांतपणे म्हणाला. "सगळ्यायनं पाहून घ्या. सरांनी चष्मा काढला का मी माईक बंद करायचा, असा वीस वर्षांपासूनचा हुकूम हाये. माह्यी वायर कधीच खराब नव्हती. आता हा माईक बंद पडला, तर तो कोनी पाडला हे तुमाले सांगाची गरज नाई."

सातशे माणसांच्या माना एकदम वळल्या. सरांच्या हातात चष्मा होता. त्यांनी तो घाईघाईनं डोळ्यांवर चढवला, तो वाकडा बसला. कुणी हसलं नाही. तोच चेहरा कवडूनं चौदा वर्षं मनात पाहिला होता, आणि खरा चेहरा त्याहून चांगला निघाला. त्याला इतकं गोड वाटलं की तो क्षणभर नुसताच पाहत राहिला.

मग त्यानं उरलेलं सांगितलं. मेघाकडे न पाहता. "सहाव्या वर्षी माह्यी पोरगी बोलली. ती म्हनत होती, दर वर्षी पंगतीची भांडी आमच्या वस्तीतल्या बाया घासतात, पन वाढाले आजपर्यंत त्यायच्यापैकी एकीले बलावलं नाई. संवाद म्हनता, तर एकदा त्यायच्या हातचं वाढून घ्या. तवाही सरांनी चष्मा काढला होता. अन् बटन मी खाली केलं होतं. याच हातानं. बस, एवढंच."

त्यानं नारळ टेबलावर ठेवला आणि उतरला. टाळ्या मागच्या रांगांतून सुरू झाल्या, मेसच्या बायकांपासून, आणि वाढत गेल्या. एक मुलगा उठला आणि विचारू लागला की हरिदासचे अर्ज कुठे आहेत. सर उत्तर द्यायला उभे राहिले. त्यांच्या कपाळावरून घाम चष्म्याच्या काचांवर उतरत होता, काचा धुरकटल्या होत्या, आणि पुसायला तो काढायची त्यांची हिंमत होत नव्हती. कवडूनं दारातून ते डोळे भरून पाहिलं.

मेघा बाहेर थांब्यावर उभी होती. अन्नपूर्णा थोडी लांब, पदर तोंडाला लावून.

"त्या दिवशी मी तुमाले चहा आनून देल्ला होता," मेघा म्हणाली.

"हो."

"मनावर नका घेऊ म्हटलं. अन् तुमी मान हालवली."

"हो."

"आज सगळ्यायले सांगाच्या आधी मले सांगता नाई आलं?"

गजेंद्र सरांना काय म्हणायचं ते कवडूनं चौदा वर्षं घोकलं होतं. आता तो शालीची दशी बोटाला गुंडाळू लागला.

"अन् तुमी माह्यं पुरं नाई सांगितलं," ती म्हणाली. "त्याच्या पुढं मी अजून बोलली होती."

"तेवढंच ऐकलं मी. मंग हेडफोन काढून ठेवला. ऐकवत नव्हतं."

मेघानं रस्त्याकडे पाहिलं. आंजीची बस वळणावर दिसत होती.

"मी म्हटलं होतं, मले स्टेजवर चढाची लय भीती वाटते. पन आज मागं मिक्सरवर माहे बाबा बसले हायेत. म्हणून माह्या आवाजाची मले फिकर नाई."

बस थांबली. मेघा आणि अन्नपूर्णा चढल्या. कवडूनं खांद्यावरची शाल काढली, तिची घडी केली आणि तो सगळ्यांच्या शेवटी चढला. मेघाच्या शेजारची जागा रिकामी होती. तो मागच्या सीटवर जाऊन बसला.