गादीखालचं पाखरू

मागच्या उन्हाळ्यात चामोर्शीत बातमी उठली, की मुश्ताक गादीवाला गादीत करणी शिवून देतो. त्याची गादी आंदणात नेलेली सत्यशीलाबाईची लेक आचल लग्नाची हळद उतरते न उतरते तोच माहेरी परतली होती. बाईंनी तिच्यासोबत परत आलेली गादी उलटवली, तर पायथ्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं शिवलेली चोच, डोळा, पसरलेले पंख. झालं, गल्लीला कारण सापडलं.

करणीबिरणी काही नव्हती, ते नुसतं पाखरू होतं. नवरा पिऊन मारतो, हे आचलनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंसुद्धा. पण नवऱ्यापेक्षा पाखरू उसवणं सोपं, म्हणून तिचं पुढचं कुणी ऐकलं नाही.

मुश्ताकचं काम तेच ते. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, काठीनं बडवायचा, मग ओळीनं टाके. त्याच्या बापानंही जन्मभर हेच केलं आणि म्हातारपण यायच्या आधीच तो बोलायचा बंद झाला. मुश्ताकनं आपल्यापुरता इलाज शोधला होता. गादी संपली, की पालथ्या बाजूला उरल्यासुरल्या दोऱ्याचं एक पाखरू. कधी बगळा, कधी धनेश, कधी जगात नसलेलंच, तीन शेपट्यांचं. गिऱ्हाइकांचं तिकडे सहसा लक्ष जात नसे. असं पाखरू साधलं त्या दिवशी तो गुणगुणत घरी यायचा आणि अळणी भाजीही दोनदा मागून खायचा. त्याची बायको शमसुन्निसा समजून जायची.

बातमी फिरली आणि वर्षानुवर्षं त्याच गाद्यांवर घोरणाऱ्यांच्या पाठी एकाएकी दुखायला लागल्या. शेजारच्या केवळरामनं तर आपली जुनी मूळव्याधही पाखराच्या नावावर चढवली. रोज कुणीतरी डोक्यावर गादी घेऊन दुकानासमोर हजर. मुश्ताक वाद घालत नव्हता. ब्लेड घ्यायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत आपलं पाखरू उसवायचा. डोळा तेवढा शेवटी.

पाखरं संपली तशी त्याची झोप उडाली. गावाला गाद्या पुरवणारा माणूस स्वतः आढ्याकडे बघत पडून राहू लागला. गुणगुणणं गेलं, भाजी ताटात तशीच. शमसुन्निसानं त्याला ओढून गडचिरोलीला नेलं. डॉक्टरनं गोळ्या लिहिल्या आणि वर सल्ला दिला, की मन रमेल असं काही करत जा, चित्रंबित्रं काढा. शमसुन्निसाला हसू फुटलं. बाहेर येऊन ती पायरीवर बसली, तेव्हा मात्र तिला उठवेना.

दिवाळी सरल्यावर सत्यशीलाबाई दुकानाशी आल्या. आचलला नव्या गादीवर झोप लागत नव्हती. सासरी रोज सकाळी गादी गुंडाळताना ते पाखरू दिसायचं, त्या घरात तेवढंच एक आपल्या बाजूचं वाटायचं, असं पोरगी आता सांगत होती. खरं तर तेव्हाही तेच सांगत होती.

"मुश्ताकभाऊ, झालं गेलं सोडा," बाई म्हणाल्या. "एक पाखरू काढून द्या. पोरीले बरं वाटन."

मुश्ताकनं सुईत पांढरा दोरा ओवला.

"गादी देतो, बाई. पाखरू तं मी माह्यासाठी काढत होतो, तुमच्यासाठी नाई. आता ते मले येत नाई."