तळव्याएवढा तुकडा

तिला सगळे ताई म्हणत. ज्यांच्या घरातली ओल तिने काढली होती ते म्हणत, आणि ज्यांची अजून काढायची होती तेही. पाठीमागे मात्र तिचं नाव नाकाडी. नाक लांब होतं म्हणून नव्हे, तर बुरशीचा वास तिला दारातच यायचा म्हणून. घरातली माणसं म्हणत, "छे हो, आम्हाला तर काहीच येत नाही." ती म्हणे, "तुम्हाला कसा येईल? तुम्ही त्यातच मुरलात."

काम साधंच. कुठे बादली कलंडते, कुठे नळी निसटते, कुठे माशांची काचपेटी तडकते. माणसं वरवर पुसून घेतात, पंखा लावतात, आणि वरून कोरडं दिसलं की आपल्या कामाला लागतात. पाणी मात्र गेलेलं नसतं. ते कार्पेटखालच्या फोममध्ये, फळ्यांच्या सांध्यांत, भिंतीलगतच्या लाकडी पट्टीमागे अंधार धरून बसतं आणि तिथे आपला संसार थाटतं. ताई तो संसार उठवायची.

वरून बघून ती कधीच निकाल देत नसे. पाणी जिथे सांडलं त्याच्या जवळच्या कोपऱ्यात, अगदी भिंतीला लागून, कार्पेटचा तळव्याएवढा तुकडा कापायचा, उलटा करायचा आणि पाठीचा वास घ्यायचा. "तोंडाला पावडर सगळेच लावतात," ती म्हणे, "पाठ बघावी." मग एक तर म्हणे "थांबा", नाही तर म्हणे "ठेवा". ठेवा म्हणजे सामान ठेवा, माणसं ठेवा, झोपा निवांत.

त्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती घरात अडकली. पण कामं थांबली नाहीत. लोक तुकडा कापून झाकणाच्या बरणीत घालून तिच्याकडे आणू लागले. ती खिडकीशी खुर्चीत बसून झाकण उघडी, डोळे मिटी आणि सांगे. "बसल्या जागी दरबार भरवलास की गं," शेजारीण म्हणाली होती. ताईला ते आवडलं होतं.

धाकट्या भावाच्या घरी पाणी सांडलं ते याच दिवसांत.

ते घर तिचं माहेरच. एकावर एक अशा दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर. दोन्ही खोल्यांना एकाच गुंडाळीतलं राखाडी कार्पेट, तेही ताईनेच निवडलेलं. वर बाबा राहायचे, रस्त्यावरच्या खिडकीशी. खाली धाकटा तसबिरींना चौकटी करायचा. त्याने लग्न केलं नव्हतं. बाबांचं सगळं तोच बघायचा आणि हे ताई चारचौघांत सांगायची, "माझा भाऊ म्हणजे सोनं आहे सोनं."

धाकटा बाहेर गेला असताना कपडे धुण्याच्या यंत्राची नळी निसटली आणि खालची खोली भरली. त्याने चौकटी, करवत, टेबल सगळं वर नेलं. वरची खोली उजेडाची. गिऱ्हाईकही म्हणू लागलं, इथे रंग किती छान दिसतात. बाबांची खाट चौकटींच्या ढिगात कोपऱ्यात सरकली, आणि धाकट्याचे फोन सुरू झाले.

"ताई, बाबांना खाली कधी न्यायचं? त्यांनाही इथे भुशाचा त्रास होतो गं."

"खालचं वाळल्याशिवाय नाही. भिंतीलगतचा तुकडा कापून आण. मी दाखवलाय ना तुला कसा कापायचा?"

"दाखवलायस. सतरा वेळा."

तो बरणी घेऊन आला. तिने वास घेतला. पाठ कोरडी, किंचित उबदार, जराशी भुशाची. खाली इतकी वर्षं करवत चालली होती, भुसा असणारच. ओलीचा मागमूस नव्हता. "ठेवा," ती म्हणाली, आणि त्याच्या गालावर थोपटलं. "शिकलास रे."

बाबा खाली गेले. काही आठवड्यांनी फोनवर त्यांचा आवाज खरखरायला लागला. मग वाक्य पुरं होईना. "थंडी बाधलीय," धाकटा म्हणायचा. डॉक्टरांनी छातीला नळी लावून विचारलं, घरात ओल आहे का? धाकट्याने सांगितलं, "नाही. माझ्या बहिणीने स्वतः बघितलंय." हे बाबांनीच तिला फोनवर सांगितलं, खोकत खोकत, जणू तिचं कौतुक केल्यासारखं.

ती काठी टेकत निघाली.

दारातच ती थबकली. जुन्या पोत्यात मातीचे बटाटे विसरावेत तसा वास. धाकटा मागे उभा होता.

"नाक मुरडू नकोस हं," तो हसत म्हणाला. "खोली तूच पास केलीयस."

"बाबांना वर ने आधी. आणि मधलं दार लावून घे."

तिने तोंडावर फडकं बांधलं, हातमोजे चढवले, खिडकी सताड उघडली आणि जमिनीवर बसून कार्पेटची कड उचलली. फोमवर तळवा दाबला तर बोटांच्या फटींतून काळपट पाणी वर आलं. खालच्या फळ्यांवर कुणी काजळी सांडून ती बोटांनी पसरवावी तशी बुरशी होती, आणि भिंतीच्या पट्टीवर राखाडी लव. खाटेच्या अगदी उशाशी. ती चुकली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिचं नाक चुकलं होतं, आणि चुकलं ते नेमकं बापाच्या उशाशी. ती स्वतःला शिव्या घालत राहिली. म्हातारी झालीस, दरबार भरवतेस, लोक वाहवा करतात म्हणून उंटावरून शेळ्या हाकतेस.

मग तिने, नुसत्या सवयीने, कापल्याची जागा शोधली.

पाणी शिरलं त्या बाजूचा कोपरा अखंड होता. तिने दुसरा बघितला. कपाट ढकलून तिसरा, खाट ओढून चौथा. कड सगळीकडे कारखान्यातून आली तशी सरळ. या खोलीतलं कार्पेट कुणी कधी कापलंच नव्हतं.

जिने चढायला तिला डॉक्टरांनी मनाई केली होती. ती कठड्याला धरून चढली. वर बाबा खुर्चीत बसले होते, धाकटा कसलीशी काच पुसत होता. ती त्याच्या टेबलाखाली वाकली. टेबलाचा पाय जिथे टेकला होता तिथे कार्पेटला चौकोनी खाच होती. तिने तळवा ठेवला. बरोबर बसला.

"ही कसली रे?"

धाकट्याने काच खाली ठेवली. "ताई, कार्पेट एकच आहे ना? वर काय, खाली काय."

"पाणी वर सांडलं होतं?"

"तू थांबा म्हणाली असतीस. मग फळ्या उचका, पंखे लावा, महिनाभर हेच. माझी कामं अडली होती. चार घरं सांभाळतेस, या घरात किती येतेस सांग बरं?"

"माझ्या तोंडून वदवून घेतलंस तू. डॉक्टरांना सांगितलंस, बहिणीने बघितलंय."

"मग? बघितलंच होतंस की."

तिचा हात उठला होता. तेवढ्यात बाबा म्हणाले, "त्याला बोलू नकोस."

ती वळली.

"कड मीच धरली होती," बाबा म्हणाले. ते खोकले, थांबले, पुन्हा बोलले. "त्याला एकट्याला कापता येईना. एकाने ओढून धरावं लागतं."

ते मात्र खरं होतं. एकट्याने कापलं की कड उसवते. हे तिनेच दोघांना शिकवलं होतं.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं खाली ओल आहे?"

"असेल थोडी, असं वाटलं. रोज माझी खाट ओलांडून जाताना त्याचं तोंड बघवत नव्हतं. आणि तू सरळ सांगून ऐकणारी नाहीस. तू हट्टी."

"माझ्याकडे चला राहायला. आत्ता. मी बॅग भरते."

"नको."

"का?"

बाबांनी धाकट्याकडे बघितलं, उत्तर त्याच्याकडे असल्यासारखं. "माझं इथे बरं चाललंय," ते म्हणाले.

ती खाली आली. काय करणार दुसरं? बुरशीला घरातल्या भानगडींशी देणंघेणं नसतं, ती आपली वाढत असते. ताईने कार्पेट पट्ट्या करून कापलं, फोमसकट प्लास्टिकच्या पिशव्यांत जागच्या जागी बांधलं, म्हणजे धूळ घरभर उडू नये. भिंतीची पट्टी उचकटली. साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवायचा, झटकायचा, लाकडाच्या रेषेने घासायचं, लगेच कोरड्या फडक्याने टिपायचं. लाकडाला पाणी पाजायचं नाही, तहान लागलेलीच राहू द्यायची. दुखरा गुडघा लांब करून ती फळीफळीने सरकत राहिली. काळं निघत होतं, खाली फिकट डाग उरत होता. तो घासपेपरने जाईल, पण सगळं वाळल्यावर. वर पावलांचे आवाज येत होते. एकदा वाटलं, बाबा उतरतायत. कुणी उतरलं नाही.

संध्याकाळी धाकटा दारात आला. "पिशव्या टाकून येतो. तू जा आता, थकली असशील. पंखा मी चालू ठेवतो. चांगलं वाळलं की कळवतो तुला, मग बाबांना खाली आणू."

त्याचा आवाज नेहमीसारखाच प्रेमळ होता. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पूर्वी असा आवाज आला की ती चपला घालून निघायची.

"कळवायचं काही नाही," ती म्हणाली. "मी इथे राहतेय. तुझं टेबल मागे स्वयंपाकघरात जाईल. बाबा खिडकीशी. माझी गादी त्यांच्या खाटेजवळ."

"पहारा बसवणार आमच्यावर?"

"हो."

"किती दिवस?"

"फळ्या वाळेपर्यंत. मी रोज हात लावून बघणार, माझ्या हाताने."

धाकटा खांदे उडवून वर गेला. टेबल ओढल्याचा आवाज आला, मग जिन्यावरून ते उतरवताना दोघांच्या सूचना, सांभाळ, डावीकडे, तिकडे नव्हे. बाबा दम लागत असूनही मदत करत होते. टेबल स्वयंपाकघरात गेलं. दोघे तिथेच जेवायला बसले. तिने हातमोजे काढले, हात धुतले, पंख्याचं तोंड भिंतीकडे वळवलं. आतून बाबांचं बारीक हसू ऐकू आलं. धाकटा हळू आवाजात काहीतरी सांगत होता आणि बाबा हसताना खोकत होते.

ती काठी टेकत आत गेली. धाकट्याने पाण्याचा पेला उगाच जवळ ओढला. बाबा भिंतीकडे बघू लागले.

ताईने खुर्ची ओढली आणि त्या दोघांच्या मध्ये बसली. ताट तिने स्वतःच वाढून घेतलं.