बांधावरची बोरीची फांदी
अंदमानच्या किनाऱ्यावर, समुद्र ओलांडून आलेल्या लेदरबॅक कासवाच्या अंड्यांवर लावलेली जाळी परवा फोटोत पाहिली आणि नाकात बोरीच्या ओल्या पाल्याचा वास भरला. त्या वर्षी भातकापणी उरकली होती. वैशाखरे गावातल्या आमच्या शेतात बांध दुरुस्त करताना माझ्या कुदळीखाली ओढ्यातल्या कासवाची पांढरी, गोल अंडी निघाली. घरी दाखवायला त्यातली दोन मी टॉवेलात बांधली, तशी मजुरीला आलेली जवळच्या आदिवासी वाडीतली बाई कडाडली, "ठेवा ती! होती तशीच ठेवा, फिरवू नका. आमी भट्टीवर जाताना दाराला बोरीची फांदी लावतो, तर कोन उघडतं का आमचं घर? कासवीनं पन तशीच भरवशावर ठेवलीत." मी अंडी होती तशी परत ठेवली; तिने माती सारखी केली, वर काटेरी फांदी रोवली आणि दोन दिवसांनी स्वतःच्या दारालाही तशीच फांदी लावून वीटभट्टीवर गेली. ज्येष्ठात परतली ती डोक्यावरचं बोचकं न उतरवता आधी बांधावर आली. फांदीखाली मूठ जाईल एवढं भोक होतं आणि चिखलात बारक्या पावलांच्या रेघा ओढ्याकडे गेल्या होत्या. "गेली गो बाय, आपल्या घरी गेली," ती स्वतःशीच म्हणाली आणि मग आपल्या घराकडे वळली. आता दिवाळीनंतर वाडीतल्या दारांना फांद्या लागल्या, की मी रोज संध्याकाळी तिकडून एक फेरी मारून येतो.