उलटी प्रश्नचिन्हं

चूक दिसली की माझे हात शिवशिवतात. हॉटेलच्या मेन्यूवर 'पनिर' दिसलं तरी मी पेन काढते, आणि मुलगी "आई, प्लीज, नॉट हिअर" म्हणत खुर्चीत बुडते. पुण्यातल्या एका छापखान्यात डीटीपी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मग नवऱ्याच्या नोकरीपाठी इकडे आखातात आले आणि अल मनखूलमध्ये घराजवळच्याच प्रिंटिंगच्या दुकानात लागले. व्हिजिटिंग कार्डं, मेन्यू, लग्नपत्रिका. पुस्तक क्वचित.

त्यामुळे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या अल बर्शाहून एक स्पॅनिश मॅडम वडिलांचं पुस्तक घेऊन आल्या, तेव्हा मी मालकांना सांगूनच टाकलं, हे काम माझं. मॅडम इथल्या शाळेत शिकवायच्या. वडील नव्वदीच्या घरातले, त्यांच्याकडेच राहणारे. स्पेनमधल्या एका कॉमिक्सवाल्या प्रकाशनाचा इतिहास त्यांनी तोंडी सांगितला होता आणि मॅडमनी टाइप केला होता. पुस्तक बारीकसंच, आणि प्रती फक्त बारा: घरच्यांसाठी, आणि जुन्या सोबत्यांपैकी जे उरलेत त्यांच्यासाठी.

मला स्पॅनिश ओ की ठो कळत नाही. पण पानं लावताना मॅडम शेजारी बसून सांगायच्या आणि मी करक चहा गार होईपर्यंत ऐकायचे. मुलांसाठी दर आठवड्याला निघणारा चार पानी विनोदी अंक, तिथून त्या प्रकाशनाची सुरुवात. मग देशात यादवी युद्ध झालं. कागद मिळेना, मिळाला तर पिवळट, खरखरीत. हरलेल्या बाजूच्या मास्तरांना, वकिलांना कुणी कामावर घेईना. या लोकांनी त्यांना खिशात मावतील अशा काउबॉयच्या कादंबऱ्या लिहायला बसवलं, आठवड्याला एक, आणि वर खोटं इंग्रजी नाव. लोकांनी ती पेपरच्या टपरीवरून घ्यायची, वाचून परत द्यायची, दुसरी न्यायची. मग घरोघरी टीव्ही आला आणि हळूहळू सगळं खलास.

आजोबा, म्हणजे मॅडमचे वडील, तिथे अक्षरं काढायचे. चित्रकार चित्र काढून मोकळा व्हायचा, पात्रांच्या तोंडचे फुगे रिकामेच. त्यांत टाकानं एकेक अक्षर लिहायचं ते यांनी, उभा जन्म. चित्रकाराचं नाव निदान कोपऱ्यात यायचं, लेखकाचं खोटं का होईना यायचं. यांचं कधीच आलं नाही. या पुस्तकात ते पहिल्यांदा छापून येणार होतं, आणि त्यांची नजर तर भराभर जात चाललेली. "त्यांना ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचंय," मॅडम म्हणाल्या. बापलेक कायमचे स्पेनला परत निघाले होते, त्याच्या आत पुस्तक हातात हवं होतं. मी म्हटलं, "मॅडम, इथलं 'बघू, इन्शाल्ला'वालं नाही, नक्की!"

मॅडमनी प्रूफ पास केलं. छापायला सोडण्याआधी एकदा हात फिरवावा म्हणून मी फाइल उघडली आणि हबकलेच. प्रश्नचिन्हं उलटी! पानं लावताना गोष्टींच्या नादात माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. ¿ अशी, खाली डोकं वर पाय, तीही वाक्याच्या सुरुवातीला. उद्गारचिन्हांचंही तेच. आता जिनं मराठी फाँटबरोबर संसार केलाय, तिला काय वाटणार? आमच्याकडे फाइल एका मशीनवरून दुसऱ्यावर नेली की रफार उडतो, वेलांटी शेजारच्या अक्षराच्या गळ्यात पडते. मी म्हटलं, फाँटनं दगा दिला आणि मॅडमच्या नजरेतून सुटलं. अर्ध्या तासात सगळी काढून पुस्तक चकाचक केलं. पुस्तकाचं नावच मुळी एक प्रश्न होता, "कोण आहे तिकडे?", आजोबांनी लिहिलेला पहिलावहिला फुगा. कव्हरवर तो त्यांच्याच अक्षरात होता, उलट्या चिन्हासकट. ते मला डिझाइन वाटलं, म्हणून तेवढं बचावलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दोघं प्रती न्यायला आले. आजोबांनी भिंग काढलं, स्वतःचं नाव असलेलं पान उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि हसले. मला कोण आनंद! मी लगेच शेखी मिरवली, "मॅडम, फाइलमध्ये फाँटचा मोठा प्रॉब्लेम होता. उलटी चिन्हं मी सगळी काढून टाकली."

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी चार पानं चाळली आणि हळूच सांगितलं, स्पॅनिशमध्ये ती तशीच असतात. प्रश्न येतोय हे वाचणाऱ्याला आधीच कळावं म्हणून.

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. ज्या माणसानं जन्मभर ती चिन्हं हातानं काढली, त्याच्या एकुलत्या एका पुस्तकातून मी ती वेचून वेचून उपटली होती! मालक आतून धावत आले. "बहनजी, किसने बोला था?" पुन्हा छापून बांधायला तीन दिवस, आणि विमान उद्याचं. मी सरळ रडायलाच लागले.

मॅडमनी वडिलांना सगळं सांगितलं. आजोबा खो खो हसत सुटले. मग त्यांनी काहीतरी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ते विचारतायत, तुमच्याकडे पेन कुठलं आहे?"

काउंटरवरच बैठक मारली. आजोबा भिंगातून बघून चिन्हं काढायचे, आम्ही त्यांच्याकडे बघून. आधी टिंब, मग खाली आकडा. आपल्या सवयीनं मी टिंब शेवटी द्यायला गेले की बोटांवर टिचकी बसायची. नजर गेली होती, पण हात काय होता म्हणून सांगू! एक रेघ थरथरली नाही. मालकही बडबडत एक प्रत ओढून बसले. दुपार कलल्यावरची असरची अजान झाली, सूर्य बुडाल्यावरची मगरिबची झाली, तेव्हा बाराव्या प्रतीचं शेवटचं पान आलं.

मग आजोबांनी माझं नाव विचारलं. मराठीत लिहून दाखव म्हणाले. मी चिठ्ठीवर लिहिलं, आणि त्यांनी ते बाराही प्रतींत स्वतःच्या नावाखाली बघून बघून काढलं. "अक्षरं लावणाऱ्याचं नाव हवंच, असं म्हणतायत," मॅडम म्हणाल्या. इतकी पुस्तकं माझ्या हातून गेली, एकातही माझं नाव नाही, आणि असावं असं मलाही कधी वाटलं नव्हतं. त्या माणसाचं मी केवढं नुकसान केलं, आणि त्यानं मला हे दिलं. मी वाकून पाया पडले. त्यांना ते काय ते कळलं नाही, माझं काही खाली पडलं असं वाटून तेही वाकून शोधायला लागले. जाताना एक प्रत माझ्या हातात ठेवली.

घरी मुलीला सगळं सांगितलं. "आई, दॅट्स बेसिक स्पॅनिश! यू कुड हॅव जस्ट गूगल्ड इट." मग पानं उलटता उलटता ती माझ्या नावाशी थांबली. "देअर्स अ मिस्टेक हिअर." होतीच. आजोबांनी आधी शिरोरेघ मारून अक्षरं तिला खाली टांगली होती, आणि पहिल्या वेलांटीची दुसरी झाली होती. मुलीनं हसत माझ्यापुढे पेन धरलं.

"हात लावशील तर बघ," मी म्हटलं.