भरपाईवाचून मिळालेली क्षमा

हृदयाची झडप बदलावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा मला मरणाची भीती वाटली नाही. मरणानंतर प्रभूसमोर उभे राहावे लागेल, याची वाटली. पस्तीस वर्षे मी शाळेत शिकवले. नांदुऱ्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या वर्गातील मुलांना मी फळ्यावर लिहून देत असे की, तारण हे देवाचे दान आहे, ते कमावता येत नाही. परंतु जे लिहीत होते त्यावर माझाच विश्वास नव्हता, हे कबूल केले पाहिजे. माझ्या हातून एक अपराध घडला होता, आणि तो मी स्वतः फेडून टाकीन, असे धरून मी जगत होते.

वडनेर भोलजीच्या शाळेत माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. वैशाली नावाच्या मुलीने सलग तीन दिवस गृहपाठ केला नाही, म्हणून मी तिच्या कानशिलात मारली. डाव्या कानाचा पडदा फाटला, आणि पुढे त्या कानाने तिला कायमचे ऐकू येईनासे झाले. तिचे वडील शेतमजूर होते. ते तक्रार करायला आले नाहीत. "बाईनं शिकवासाठीच मारलं असन," एवढेच म्हणाले. ते वाक्य मला तक्रारीपेक्षा जड गेले. मी बदली मागून घेतली. त्यानंतर दर शुक्रवारी उपवास, गरीब मुलींच्या विनामूल्य शिकवण्या, रुग्णांच्या भेटी, सारे नियमाने केले. प्रत्येक प्रार्थनेत देवाला काही ना काही नवे करण्याचे वचन देत राहिले. तरी किती केल्यावर पुरे होईल, हे कळत नव्हते. आणि आता तर करायला वेळही उरला नव्हता.

हे सर्व मी मंडळीच्या पाळकसाहेबांना सांगितले. त्यांनी एकच विचारले, "बाई, त्या मुलीची क्षमा मागितलीत का कधी?" मागितली नव्हती. ती लग्न होऊन संग्रामपूरला गेली, तेथे शिवणकाम करते, हे एका सहशिक्षिकेकडून मला ठाऊक होते. देवाची क्षमा मागायला मात्र एसटीत बसावे लागत नव्हते.

शेवटी संग्रामपूरची एसटी धरली. प्रवासभर मी वाक्ये जुळवीत होते आणि मनगटावर नाडी मोजत होते. तिच्या शिवणाच्या दुकानात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ती मशीनवर बसली होती. मी बोलण्याआधीच तिने मला ओळखले.

"बाई? या ना. ह्या बाजूनं बसा, इकडून मले आयकू येते."

जुळवलेली सगळी वाक्ये तिथेच विस्कटली. मी कसेबसे म्हणाले, "वैशाली, तो कान माझ्यामुळे गेला. मला त्याची भरपाई करू दे. आपण अकोल्याला जाऊ, यंत्र बसवून घेऊ."

"यंत्र लावून पाह्यलं, बाई. डॉक्टर म्हने, या कानाले काई फायदा नाही."

"मग मी काय करू?"

"काई नका करू."

"असं कसं? काहीतरी सांग."

तिने मशीन थांबवले. "तुमाले आजबी गृहपाठ लागते का? मी तं तो तवाबी करत नव्हती."

मला हसता आले नाही. ते पाहून तीही गंभीर झाली. "राग लय होता, बाई. कितीक वर्ष होता. मंग मायी पोरगी पयलीत टाकाची होती. मनात तुमचा राग ठेवून तिले शाळेत कशी धाडू? तवाच माफ केलं तुमाले. आता नववीत हाये ते."

"पण मी तेव्हा माफी मागितलीही नव्हती."

"मंग? तुमची वाट पाहत बसाले पाहिजे होतं का? आन तुमी भरून देल्यावर ते माफी कायची? मजुरी झाली ते. कान गेला तो गेला. माफ केलं ते केलं. घ्याचं असन तं घ्या."

म्हणजे आठ वर्षांपूर्वीच मला क्षमा झाली होती, आणि ती आठही वर्षे मी त्याच क्षमेसाठी उपाशी राहत होते.

वैशाली बौद्ध आहे. मी रविवारी काय शिकवते हे तिला माहीत नाही, आणि मला उपदेश करण्यासाठी तिने हे सांगितले नाही. परंतु ख्रिस्ताचे वधस्तंभावरचे काम मी मागण्याआधीच पूर्ण झाले आहे, ही गोष्ट मला त्या दुकानातील स्टुलावर बसून प्रथम कळली. आणखीही एक कळले. क्षमा घेणाऱ्याला फुकट मिळते. देणाऱ्याने तिची किंमत आधीच सोसलेली असते. तो कान आजही बहिराच आहे. म्हणून ही देणगी स्वस्त समजू नये, आणि तिची परतफेड करण्याचा आवही आणू नये. चहा आला, तो मी निमूटपणे घेतला.

उद्या शस्त्रक्रिया आहे. भीती गेली असे लिहिणे खरे ठरणार नाही. दुपारी प्रार्थनेला बसले, तेव्हा सवयीने ओठांवर आले, "प्रभो, यातून वाचले तर मी..." तेथेच थांबले. पुढे कसलेही वचन दिले नाही. तू दिलेस, मी घेतले, तुझे आभार, इतकेच म्हटले, आणि प्रथमच ती प्रार्थना मला पूर्ण वाटली.