पलंगावरची गौर

"मग मी झोपू कुठे? खजुराखाली?"

"हॉलमध्ये सोफा आहे."

"सोफा पाच फुटी आहे. मी साडेपाच."

"पाय दुमडा," सत्यभामा म्हणाली आणि कुंडीवर पाण्याचा फवारा मारत राहिली.

रामचंद्र पाष्टे बेडरूमच्या दारात उभे होते. हार्डवेअरच्या दुकानाला एक ते चार सुट्टी. जेवून दोन तास आडवं व्हायचं आणि चारला चहा पिऊन परत काउंटरवर जायचं, हा अबूधाबीतला त्यांचा बावीस वर्षांचा नेम. आज पलंगाच्या त्यांच्या बाजूला प्लास्टिक अंथरलेलं होतं आणि त्यावर तेरड्याच्या तीन कुंड्या बसल्या होत्या.

"जमिनीवर ठेव ना त्यांना."

"खिडकीचा उजेड आणि एसीचा गारवा, दोन्ही एकत्र फक्त तुमच्या बाजूला येतात. मी फिरून बघितलंय सगळ्या खोलीत."

"बावीस वर्षांत माझ्या झोपेसाठी कधी फिरून बघितलं नाहीस."

"तुम्ही कुठेही झोपता. परवा सलूनमध्ये झोपलात."

हे खरं असल्यामुळे रामचंद्रांनी मोर्चा वळवला. "आणि मला एक सांग. गौर बाहेरून येते ना? पाणवठ्यावरून, रानातून, वाजतगाजत? ही तर महिनाभर घरातच आहे, आणि आता माझ्या पलंगावर लोळतेय. रविवारी तिला आणणार कुठून? बाथरूममधून?"

सत्यभामाचा फवारा थांबला. नवरा एरवी बोलतो ते ती पंख्याच्या आवाजासारखं सोडून द्यायची, पण हे वाक्य खिळ्यासारखं बसलं.

पाष्ट्यांच्या घरात गौर तेरड्याचीच. मुखवटा नाही, मूर्ती नाही. तेरड्याची रोपं मुळासकट काढून आणायची, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. तिला साडी नेसवायची, आणि नव्या सुनेनं तिच्यापुढे सूप ओवाळून पहिला ओवसा करायचा. त्यातही गौर पूर्वा नक्षत्रात आली तरच. सून स्वप्नाली घरात येऊन दोन वर्षं झाली, आणि दोन्ही वर्षं नक्षत्र चुकलं. यंदा जुळलं, तर क्लिनिकनं स्वप्नालीला गावी जायला रजा दिली नाही. गावच्या जावेनं फोनवर आवाज बारीक करून सांगितलं होतं, "वैनी, सुनेचा ओवसा राहिला हो तुमच्या. लोक विचारतात." तेव्हाच सत्यभामानं ठरवलं होतं. ओवसा होणार, आणि इथेच होणार.

दुबईच्या फुलवाल्याकडे झेंडू होता, शेवंती होती, थायलंडची कमळंसुद्धा होती. तेरडा म्हटल्यावर तो हसला. "मॅडम, वो तो जंगल में अपने आप उगता है. उसको कौन बेचेगा?"

गावाला पायवाटेवर, दगडी गडग्यावर, गोठ्याच्या मागे, कुणी न विचारता उगवणारा तेरडा. जावेनं रुमालाच्या गाठीत बी पाठवलं, आणि सत्यभामानं जुलैत व्हिलाच्या मागच्या अंगणात, खजुराच्या सावलीत ते पेरलं. अबूधाबी म्हणजे बेट; तिथलं ते अंगण म्हणजे पाऊण वाळू, पाव मीठ. चार दिवसांत अंकुर आले, पाचव्या दिवशी करपले. मग कुंड्या आल्या. मातीची पिशवी वीस दिरहमची निघाली. "पावणेपाचशे रुपये! मातीला!" रामचंद्र ओरडले होते. "गावाला चपलेला लागून फुकट येते."

अकरा कुंड्यांत रोपं धरली. सकाळी आठपर्यंत अंगणात, मग आत, संध्याकाळी पुन्हा बाहेर. पाणी एसीच्या नळीतून बादलीत ठिबकणारं, कारण नळाचं दुपारी चहाइतकं गरम यायचं. तरी दोन उन्हात उकडली. एक मांजरानं उपटली. तीन आतल्या गारव्यात कुजली. एकीवर रोशननं, सत्यभामाच्या मुलानं, रुवैसच्या नोकरीवरून शनिवारी घरी आल्यावर प्रेमानं उरलेलं ताक ओतलं. "गावाला झाडांना घालतात ना?" असं वर म्हणाला. आणखी एक का गेली ते कळलं नाही. उरल्या तीन.

बुधवारी दोन माना टाकून पडल्या. उरली एक. पण ती काय होती! लालसर, पाणीदार खोड, करवतीच्या काठाची पानं, आणि खालून वरपर्यंत गुलाबी कळ्या. स्वप्नालीनं तिचा फोटो आईला पाठवला. मग सासूला हळूच म्हणाली, "आई, समजा नाहीच टिकली, तर ऑनलाइन मुखवटा मिळतो. दोन दिवसांत डिलिव्हरी."

"टिकेल," सत्यभामा म्हणाली. स्वप्नालीनं फोन पालथा ठेवला. पण फोटो पाठवताना पोरीचा चेहरा कसा झाला होता, ते सत्यभामानं पाहिलं होतं.

शुक्रवारी स्वप्नालीला अर्धा दिवस सुट्टी होती. दोघी इंडियन स्टोअरमध्ये बांबूचं सूप शोधायला गेल्या. जाताना सत्यभामानं बजावलं, "सोफ्यावरच झोपा. तिला धक्का लावू नका."

"मी कशाला धक्का लावू? ती पलंगाची मालकीण, मी भाडेकरू."

सूप मिळालं, हळदकुंकू मिळालं, आणि तीन वाजता रामचंद्रांचा फोन आला.

"वीज गेलीय. आपल्या मागच्या पोर्शनची सगळी. वॉचमन मोईन म्हणतो, माणूस बुकरा आएगा, इन्शाल्ला."

"बुकरा म्हणजे उद्या!" सत्यभामाच्या हातातलं सूप खाली पडलं. "अहो, ती वाचणार नाही हो. पुढच्या इनेजकडे द्या."

"इनेज हॉटेलवर आहे, पाचला येते. तू घाबरू नकोस. मी आणि ती गाडीत बसलोय."

"कुठे?"

"गाडीत. एसी लावून. तिला सीट बेल्ट लावलाय."

दोघी टॅक्सीनं आल्या तेव्हा व्हिलाच्या फाटकाशी गाडी घरघरत उभी होती. रामचंद्र बनियनवर बसले होते. त्यांचा शर्ट खिडकीला लावला होता, ऊन अडवायला. शेजारच्या सीटवर तेरडा पट्ट्यात नीट आवळून बसला होता. साडेचार वाजले होते.

"दुकान?" सत्यभामानं विचारलं.

"फोन केला, घरी पेशंट आहे म्हणून." मग जरा खाकरून म्हणाले, "दोन कळ्या उमलल्या आत्ता. माझ्यासमोर."

स्वप्नाली हसायला लागली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले.

पाचला पुढच्या पोर्शनमधली इनेज आली. वसईची, बारा वर्षांची शेजारीण. तिनं गाडीत डोकावून पाहिलं. "काय हो रामभाऊ, नवी बायको?"

"पहिलीनंच आणलीय," रामचंद्र म्हणाले.

तेवढ्यात मागच्या बाजूचे दिवे लागले. मोईननं स्वतःच कसलातरी खटका वर केला होता. "यल्ला, आ गया!" तो लांबून ओरडला. रामचंद्रांनी पट्टा सोडवला, कुंडी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि सांभाळत दारापर्यंत आले.

सत्यभामा उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"थांबा."

"अगं, गरम होतंय तिला!"

"आत आणायची नाही."

"महिनाभर आतच होती ना? मला हाकलून?"

"तेच तर. गौर बाहेरून येते, म्हणालात ना? कालपर्यंत आत होती, आज बाहेर पडली. तुम्ही स्वतः नेलीत." तिनं पदर खोचला, इनेजकडे वळली आणि म्हणाली, "इनेज, दोन रात्री तुझ्याकडे राहील. खिडकीपाशी, एसी चोवीसवर."

"राहू दे की, वैनी. माझ्या मदर मेरीला सोबत."

मग सत्यभामानं घरच्यांकडे पाहिलं. "रविवारी सकाळी स्वप्नाली इनेजच्या दारातून तिला मुळासकट काढून आणेल. रोशन ताट वाजवेल. ओवसा आपल्या घरात होईल. मुखवटा मागवायचा नाही."

"आणि बसवायची कुठे?" रामचंद्रांनी कुंडी इनेजच्या हातात देत विचारलं.

"पलंगावर. तुमच्या बाजूला. तिला तिथली सवय झालीय."