ओटीतल्या ब्लाऊजपिसांचे बटवे

ब्लाऊजपीस हे शिवण्यासाठी नसतं, हे मला ऐन तिशीत, एक पाय प्लॅस्टरमध्ये असताना कळलं. तोपर्यंत माझी अशी भाबडी समजूत होती की ज्याच्या नावातच ब्लाऊज आहे, त्याचा कधी ना कधी ब्लाऊज होत असणार. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाने नुसत्या नावावर इतका विश्वास ठेवायला नको होता.

त्या दिवाळीत आम्ही लालबागची चाळ सोडून बोरिवलीला ब्लॉकमध्ये राहायला आलो. स्वतःचा नळ, स्वतःचा संडास, स्वतःची कडी! मी इतका खूश होतो की पहिले काही दिवस कारण नसताना कडी लावून बसायचो. सुमनचं, म्हणजे माझ्या बायकोचं, मात्र उलटं झालं. चाळीत तिचं अर्धं आयुष्य गॅलरीत गेलेलं. तिथे ती हसली की तीन खोल्या पलीकडची बाई काय झालं म्हणून विचारायला यायची. इथे सगळी दारं बंद. समोरच्या नाडकर्णीवहिनी दार किलकिलं करून हसायच्या आणि परत लावून घ्यायच्या. तळमजल्यावरच्या सावंतकाकू (ज्यांच्या परवानगीशिवाय त्या बिल्डिंगच्या गच्चीवर पापडसुद्धा वाळत नसत) तिला 'अहो मिसेस' म्हणायच्या. आमच्या वास्तुशांतीला झाडून सगळ्या बायका आल्या, सुमनची ओटी भरली, प्रसाद घेतला आणि गेल्या त्या गेल्याच.

"इथे मला कुणी 'अगं' म्हणत नाही हो," सुमन एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली. मी पेपर वाचत होतो, पण ते वाक्य मला लागलं.

तेव्हा तिने सगळी भिस्त संक्रांतीच्या हळदीकुंकवावर ठेवली. साऱ्या बिल्डिंगला बोलवायचं, तिळगूळ द्यायचा आणि वाण असं द्यायचं की बायका बघत राहिल्या पाहिजेत. तिने प्लॅस्टिकच्या साबणदाण्या ठरवल्या होत्या. पण सावंतकाकूंचं हळदीकुंकू आमच्या आधी झालं आणि त्यांनी साबणदाण्याच दिल्या. नाडकर्णीवहिनींनी चहाच्या गाळण्या दिल्या. वरच्या मजल्यावरच्या जोशीबाईंनीही साबणदाण्याच दिल्या, फक्त रंग वेगळा. सुमन अगदी रडकुंडीला आली.

इथे माझा प्रवेश होतो, आणि तो लंगडत होतो. बेडरूमच्या दाराला पडदा लावण्यासाठी मी स्टुलावर चढलो होतो. पडदा लागला, स्टूल कलंडलं, पाय मोडला. सुमन टेलिफोन ऑफिसात गेली की मी दिवसभर प्लॅस्टर पाटावर ठेवून घरात एकटा. करमेना म्हणून तिच्या माहेरचं हाताने फिरवायचं शिलाई मशीन काढलं आणि उशांचे अभ्रे शिवून पाहिले. जमले. (उशी आत जात नव्हती, पण शिवण सरळ होती.) माणसाला एक कला आली की त्याला वाटतं आता जग आपलंच. मी सुमनला जाहीर केलं की वाणाची चिंता सोड, मी जुन्या कपड्यांचे बटवे शिवतो, असलं वाण बोरिवलीत कोणी पाहिलं नसेल.

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. पण दुसरा उपाय नव्हता. तिने माझ्यापुढे जुन्याचं गाठोडं टाकलं. त्यात माझ्या दोन पँटी, एक फाटकी चादर आणि चाळीतला फुलाफुलांचा पडदा होता.

पँटीचा पहिला बटवा झाला तो थेट भाजीवाल्याच्या गल्ल्यासारखा. पडद्याचा दुसरा मात्र देखणा झाला. सुमन म्हणाली, "झकास! असेच सगळे होऊ द्या." पण तो पडदा उन्हाने इतका विरला होता की पुढचा तुकडा कात्री लावण्याआधीच हातात आला. आता एवढ्या बायकांना पुरेल असं रंगीत कापड आणायचं कुठून? मी एका पायावर उड्या मारत घर धुंडाळलं आणि पलंगाखालची ट्रंक ओढली.

आत ब्लाऊजपिसांचा हा ढीग! जांभळा खण, पिवळ्यावर बुट्ट्या, पोपटी, राणी, मोरपंखी. घडीत ओटीचे तांदूळ तसेच अडकलेले. काहींच्या कोपऱ्यांना हळदीकुंकवाचे ठिपके होते. एकेका पिसावर तर तीन-तीन कोपऱ्यांत तीन वेगवेगळ्या बोटांचे! चेकच्या मागे तीन सह्या दिसल्या की तो तीन हातांतून फिरून आलाय हे मला बँकेत झोपेतसुद्धा कळतं. इथे मात्र मी समजलो की रंग फुटलाय.

मी सरळ विचार केला. सुमन ब्लाऊज विकत आणते, त्यामुळे ही पिसं तिने कधी शिवली नाहीत, पुढेही शिवणार नाही. पडून राहिलेली ठेव कामाला लावायची हेच तर आमचं बँकेतलं काम. घेतली कात्री आणि चालवली! कुंकवाचे ठिपके तर मी मुद्दाम बटव्याच्या मध्यभागी येतील असे बेतले, म्हणजे नक्षी वाटेल. अस्तराला माझे जुने बनियन लावले. तोंडाला ओढायच्या दोऱ्या कमी पडल्या म्हणून पायजम्यांचे नाडे ओवले. (पेटिकोटचे नाडे दिसले होते, पण तेवढी अक्कल मला होती.) सगळे बटवे मोठ्या ताटात रचले, वर विणलेला रुमाल टाकला आणि सुमनला बजावलं की बायका आल्याशिवाय बघायचं नाही, गंमत आहे.

हळदीकुंकवाच्या शनिवारी ती अर्ध्या दिवसाने ऑफिसातून आली ती घाईतच. काळी साडी नेसायची, तिळगूळ मांडायचा, अत्तरदाणी सापडत नव्हती. तिने रुमाल उचलला नाही. माझ्यावर विश्वास होता तिचा. हे आठवलं की अजून कसंसंच होतं.

हळदीकुंकवाला पुरुष घरात नको असतात. पण मी जाणार कुठे? मला बेडरूममध्ये, त्याच पडद्याआड बसवलं. बाहेर बांगड्या वाजू लागल्या, गुलाबपाण्याचा वास आला, "तिळगूळ घ्या, गोड बोला" झालं. मग रुमाल निघाला आणि सुमनला नीट बघायलाही न मिळता ताट हातोहात फिरलं. आधी एकच कौतुक उसळलं. मिस्टरांनी शिवले हे ऐकून कुणी म्हणालं, आमच्याकडे बटण तुटलं तर शर्ट टाकून देतात. मी आत फुगत चाललो होतो.

आणि मग सावंतकाकूंचा आवाज आला.

"हा खण मी कोल्हापूरहून आणला होता."

सावंतकाकू रागावल्या की मालवणीवर येत. आत्ता त्या शुद्ध मराठीत बोलत होत्या, म्हणजे प्रकरण रागाच्या पलीकडे गेलं होतं.

"नाडकर्णीणबाई, हा मी तुमच्या ओटीत घातला होता. देवीच्या पायाला लावून आणला होता मी."

नाडकर्णीवहिनी चाचरत म्हणाल्या की तसाच दुसरा असेल. सावंतकाकूंनी बटवा बहुतेक त्यांच्या नाकासमोर धरला असावा. हे कुंकू माझ्या बोटाचं, आणि त्याच्या शेजारचं हे तुमचं, असं त्या म्हणाल्या. दोन्ही ठिपके मी अगदी मधोमध आणले होते, शोधायला त्रास पडला नाही.

पण नाडकर्णीवहिनीही काही कमी नव्हत्या. जोशीबाईंच्या हातातला पिवळा बुट्टीदार बटवा बघून त्या कडाडल्या, "आणि हे? हे मी तुमच्या सुनेच्या डोहाळजेवणाला दिलं होतं, सावंतकाकू! ते वास्तुशांतीत इथे कसं आलं?"

झालं! प्रत्येक बाई आपला बटवा सोडून शेजारणीचा उलटून बघू लागली. हे राणी मी दिलेलं, ते मोरपंखी माझ्या बहिणीने पाठवलेलं, आणि ते पोपटी? मग मला हळूहळू उलगडा झाला. त्या बिल्डिंगमध्ये ब्लाऊजपीस कुणी शिवत नव्हतं आणि नवं फारसं कुणी घेत नव्हतं. आलेलं पीस घडी न मोडता ट्रंकेत जायचं आणि पुढच्या बाईच्या ओटीत पडायचं. वर्षानुवर्षं तीच पिसं जिना चढत होती, उतरत होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. नियम एकच, जिने दिलं तिच्याकडे ते परत जाता कामा नये. सुमनने म्हणे ट्रंकेत कुणाचं कुठलं ते लक्षात ठेवून घड्या लावल्या होत्या. आणि मी ती सगळी पिसं, कुंकवाच्या पुराव्यासकट, सगळ्यांच्या देखत एकाच ताटात वाढली होती.

मी पडद्याच्या फटीतून बघितलं. सुमन रिकामं ताट हातात धरून भिंतीला टेकली होती. काळ्या साडीत तिचा चेहरा पांढराफटक दिसत होता. सगळ्यांना वाटत होतं की ह्या नव्या बाईने घरी बोलावून मुद्दाम आपली अब्रू काढली. एका संध्याकाळसाठी तिने किती दिवस तयारी केली होती, आणि आता जन्मभर ती इथे 'अहो मिसेस'च राहणार होती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नाही. बाहेर जाऊन सांगणं भागच होतं.

मी उठलो आणि एक अडचण लक्षात आली. माझ्या पायजम्यांचे सगळे नाडे बाहेर बायकांच्या हातात होते. तेव्हा उजव्या काखेत कुबडी, डाव्या मुठीत पायजमा, अशा थाटात मी हळदीकुंकवात प्रवेश केला. नमस्कार करायला हात उरला नाही.

"काकू, वहिनी, चूक माझी आहे," मी म्हणालो. "सुमनला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मला वाटलं, ब्लाऊजपीस शिवायला देतात."

बटवे उलटायचे थांबले.

"शिवायला?" सावंतकाकूंनी असं विचारलं की जणू मी ते तळून खातात म्हणालो होतो. मग त्यांची नजर माझ्या कुबडीवरून प्लॅस्टरवर आणि तिथून माझ्या मुठीवर आली. "आणि पायजमा कशाला धरलाय?"

मी त्यांच्या हातातल्या बटव्याकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. दोरीचं टोक चिमटीत धरून जरा ओढलं, आणि त्यांना ती दोरी ओळखू आली.

पहिली हसली ती सुमन. भिंतीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, लालबागला तीन खोल्या पलीकडे ऐकू जायचं तसं हसली. दिवाळीपासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं आणि त्याची मला किती सवय होती हे मला तेव्हा कळलं. मग नाडकर्णीवहिनी फुटल्या, मग जोशीबाई, मग सगळ्याच. सावंतकाकूंनी बराच वेळ तोंड घट्ट मिटून धरलं होतं, पण शेवटी त्याही फुटल्या. डोळे पुसायला त्यांनी तोच जांभळा बटवा घेतला.

तासाभरात उरकणारं हळदीकुंकू मग दिवेलागण झाली तरी हलेना. बायकांनी मांडी ठोकून कुठलं पीस कुणाकडून निघालं त्याची वंशावळ लावली. जिचा तिला बटवा मिळाला. एक पोपटी तेवढा बेवारस राहिला, तो सगळ्यांनी मिळून सुमनला दिला. नाडकर्णीवहिनींनी खण देऊन टाकल्याबद्दल सावंतकाकूंना कान धरून दाखवले, आणि सावंतकाकूंनी डोहाळजेवणाचा विषय चपळाईने बदलला. मी दाराशी तसाच उभा होतो. मूठ सुटत नव्हती आणि जा असंही कुणी म्हणत नव्हतं.

निघताना सावंतकाकू उंबऱ्यात थांबल्या. त्या परत मालवणीवर आल्या होत्या, पण या वेळी रागाने नाही.

"सुमन, उद्या सकाळी ये गो खाली. घावणे करतंय."

दार लावून सुमन तशीच उभी राहिली. "गो म्हणाल्या," ती मला म्हणाली. मी मान हलवली. त्याच रात्री तिने मला नवा नाडा आणून दिला आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

पुढच्या रविवारी आमच्या बँकेचे मॅनेजर माझी विचारपूस करायला आले. गंभीर, सज्जन माणूस. त्यांना माझ्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की पाय मोडलाय. त्यांनी तळमजल्यावर माझं नाव सांगून पत्ता विचारला. सावंतकाकूंनी जिन्यात येऊन, साऱ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी हाक दिली, "सुमन, गो! आमच्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज कापलेल्या तुझ्या घोवाक भेटूक कोण साहेब इलेत!"

मॅनेजर एकेक पायरी सावकाश चढत वर आले. खुर्चीच्या अगदी कडेला बसले. सुमनने दिलेला चहा तिच्याकडे न बघता घेतला. माझ्या प्लॅस्टरकडे मात्र बराच वेळ बघत राहिले, पण पाय कसा मोडला हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "बँकेत मी कुणाला काही बोलणार नाही. पण एवढं मारायला नको होतं त्या बायकांनी."